भूखंडाचे माप आणि कष्टकऱ्याचे स्थान
चंदीगडच्या आखणीपासून घ्यावयाचा धडा

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस चंदीगडच्या सेक्टर ३८ मधील शाहपूर कॉलनीच्या झोपड्या जमीनदोस्त करण्यात आल्या आणि आपले शहर झोपडपट्टीमुक्त झाल्याचे प्रशासनाने जाहीर केले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात सेक्टर २५ मधील जनता कॉलनी पाडण्यात आली होती. त्यापूर्वी औद्योगिक क्षेत्रातील चार नंबरची कॉलनी पाडण्यासाठी प्रशासनाने जो दिवस निवडला, तो होता १ मे २०२२. ज्या दिवशी जगभरचे कामगार आपल्या हक्कांचा उद्घोष करतात, त्याच दिवशी या शहराने आपल्या कामगारांच्या वस्तीवर यंत्रे चालविली.

याच काळात चंदीगडच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीचा प्रश्नही ऐरणीवर आला. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई व न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने शहराच्या पहिल्या टप्प्यातील, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधील, स्वतंत्र घरांचे मजलेवार सदनिकांत तुकडे पाडण्यास मनाई केली. या भागाचे वारसामूल्य जपले पाहिजे, हा त्या निर्णयाचा मुख्य आधार होता.

वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. एक झोपडीची गोष्ट आहे, दुसरी बंगल्याची. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. शहराची जमीन कोणत्या मापाने वाटली गेली, त्या तुकड्यांपर्यंत कोणता रस्ता नेला गेला आणि हे माप ठरविताना कोणाची गणना झाली व कोणाची झाली नाही? रस्त्याची रुंदी, भूखंडाचे क्षेत्र, दुकानांची ओळ, मोकळ्या जागेचे प्रमाण हे विषय अभियंत्यांच्या कोष्टकातले आहेत असे समजून आपली चळवळ पुष्कळदा ते बाजूला ठेवते. हे परवडणारे नाही. शहरात कोणी राहायचे आणि कोणी फक्त राबायला यायचे, याचा निकाल बहुधा याच कोष्टकांत लागलेला असतो.

आखणीतील ग्राह्य भाग

फाळणीने लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या राजधानीचा पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर व त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी तयार केला. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात मरण पावले. त्यानंतर ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम आले. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू त्यांच्यासोबत होते. मुख्य अभियंता पी. एल. वर्मा आणि ऊर्मिला युली चौधरी, आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा यांच्यासारख्या भारतीय वास्तुरचनाकारांचा वाटाही मोठा होता, हे विदेशी नावांच्या झगमगाटात विसरले जाते.

या आखणीचा पाया म्हणजे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब असा सेक्टर. शाळा, दवाखाना, दैनंदिन बाजार आणि बाग या गोष्टी सेक्टरच्या आतच, पायी जाण्याच्या अंतरावर असाव्यात हे त्यामागील सूत्र होते. रस्त्यांची विभागणी प्रथम सात वर्गांत करण्यात आली. फ्रेंच भाषेत रस्त्याला जो शब्द आहे त्याच्या आद्याक्षरावरून त्यांना व्ही-१ ते व्ही-७ अशी नावे मिळाली. व्ही-१ हे बाहेरगावांना जोडणारे रस्ते. व्ही-२ हे मध्य मार्ग, जन मार्ग यांसारखे शहराचे प्रमुख मार्ग. व्ही-३ सेक्टरच्या चहूबाजूंनी जाणारे, केवळ वेगवान वाहतुकीसाठी. व्ही-४ हा सेक्टरच्या मधून जाणारा बाजाराचा रस्ता. व्ही-५ सेक्टरच्या आत फिरून वाहतूक वाटून देतो, व्ही-६ घराच्या दारापर्यंत जातो आणि व्ही-७ ही हिरव्या पट्ट्यातून जाणारी पायवाट. सायकलींसाठी व्ही-८ ची भर पुढे पडली.

वेगवान वाहतुकीच्या व्ही-३ रस्त्यावर एकाही घराचे दार उघडत नाही. व्ही-४ वर दुकानांची ओळ रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवली आहे. त्यामुळे खरेदीसाठी भरधाव रस्ता ओलांडण्याची वेळ येत नाही. मूल शाळेत जाताना मोटारीच्या वाटेत येऊ नये, एवढी साधी गोष्ट आपल्या बहुतेक शहरांत आजही साधलेली नाही. ती येथे सत्तर वर्षांपूर्वी नियम म्हणून मांडली गेली.

हे शक्य झाले, कारण जमीन आधी सार्वजनिक मालकीची झाली आणि मगच तिचे तुकडे पडले. १९५२ च्या राजधानी विकास व नियमन कायद्याने भूखंडाचा वापर, इमारतीची उंची व दर्शनी भाग यांवर नियंत्रण आणले. त्याच वर्षीच्या परिसर नियंत्रण कायद्याने शहराभोवती प्रथम पाच मैलांच्या पट्ट्यात बेबंद बांधकामाला आळा घातला. १९६२ मध्ये हा पट्टा दहा मैलांचा करण्यात आला. खासगी विकसकाने शेत विकत घ्यावे, हवे तसे तुकडे पाडावे आणि पाणी व रस्ता कोणी द्यायचा हे देवावर सोपवावे, या रीतीला येथे वाव नव्हता. हा भाग पुरोगामी होता आणि त्याचे रक्षण करणे श्रमिकांच्या हिताचेच आहे.

मरला, कनाल आणि वर्ग

परंतु ज्या फूटपट्टीने रस्त्यांची वर्गवारी केली, तिनेच माणसांचीही वर्गवारी झाली. सरकारी घरांचे तेरा प्रकार ठरविण्यात आले. पहिला मुख्यमंत्र्यांसाठी, तेरावा सर्वांत कमी पगाराच्या नोकरासाठी. खासगी भूखंडांचेही तेच. चंदीगडमध्ये जमीन मरला व कनालमध्ये मोजतात. एक मरला म्हणजे २५ चौरस वार आणि वीस मरल्यांचा एक कनाल. लहान भूखंड पाच मरल्यांचे, म्हणजे १२५ चौरस वारांचे. मोठे दोन कनालचे, चार कनालचे आणि काही त्याहूनही मोठे. चार कनालच्या एका भूखंडात पाच मरल्यांचे सोळा भूखंड मावतात. मोठे भूखंड उत्तरेला, कॅपिटॉल व सुखना तलावाच्या जवळ, लहान दक्षिणेला. पहिल्या टप्प्याची लोकसंख्या दीड लाख आणि दुसऱ्या टप्प्यातील सेक्टर ३१ ते ४७ ची साडेतीन लाख धरण्यात आली. म्हणजे मुळातच दुसऱ्या टप्प्याची दाटी पहिल्याच्या जवळजवळ चौपट होईल अशी योजना होती.

तेराव्या प्रकारच्या घराची हेटाळणी करण्याचे कारण नाही. त्यात स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि छोटे अंगण होते. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब वाढविणाऱ्या आणि संडासासाठी रांगेत उभे राहणाऱ्या कामगाराला त्याचे मोल कोणी सांगायला नको. सरकारच्या शिपायाला माणसासारखे घर मिळू शकते, हे या शहराने दाखवून दिले. प्रश्न त्याच्याही खालच्या माणसाचा आहे. सरकारी नोकरीत नसलेल्या आणि पाच मरला विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसासाठी कोणताही प्रकार नेमलेला नव्हता. चौदावा वर्ग नकाशावर आलाच नाही.

नकाशात नसलेली माणसे

हा चौदावा वर्ग म्हणजे ज्यांनी शहर बांधले तेच लोक. डोक्यावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या स्त्रिया, गवंडी, बिगारी, विटा व सळ्या वाहणारे मजूर हे राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पंजाबच्या खेड्यांतून आले. काम संपले की ते परत जातील, असे गृहीत धरण्यात आले. परंतु शहराचे बांधकाम कधी संपत नाही आणि बांधून झालेले शहरही रिक्षावाला, धोबी, मोलकरीण व भाजीवाला यांच्यावाचून एक दिवस चालत नाही. त्यांना भूखंड नाही म्हणून त्यांनी झोपडी बांधली. झोपडी नियमात बसत नाही म्हणून ती पाडली. पाडलेली झोपडी दुसऱ्या जागी उभी राहिली. मधू सरीन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट तपशिलाने मांडली होती. १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना एंगेल्सने पॅरिसच्या उदाहरणावरून दाखविले होते की, भांडवली व्यवस्था गलिच्छ वस्त्या नाहीशा करीत नाही, त्या फक्त दुसरीकडे हलविते. चंदीगडची सात दशके हे त्याचे भारतीय प्रात्यक्षिक आहे.

फेरीवाल्यांची कथा वेगळी नाही. व्ही-४ वरील दुकाने, कोपऱ्यावरचे गाळे, खाली दुकान व वर घर असलेल्या इमारती या सर्वांसाठी मापे ठरली. रेहडी म्हणजे हातगाडी, तिच्यासाठी मात्र बाजाराच्या मूळ कल्पनेत स्थान नव्हते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांना जो हक्क दिला, त्याच्या अंमलबजावणीच्या नावाखाली डिसेंबर २०१९ मध्ये सेक्टर १७ सारख्या भरबाजारातून त्यांना उठवून ठरावीक जागी पाठविण्यात आले. तेथे गिऱ्हाईकच फिरकत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

ज्यांची जमीन गेली त्यांचे काय झाले? पहिल्या टप्प्यात गावेच्या गावे उठविण्यात आली आणि शेतकऱ्यांच्या हाती रोख मोबदला ठेवण्यात आला. पुढे बुडैल, अटावा, बुटेरला यांसारखी गावे सेक्टरांच्या पोटात तशीच राहिली. लाल रेषेने आखलेली त्यांची हद्द म्हणजे आपल्याकडील गावठाणच. बाहेर रुंद रस्ते आणि आत अंधारी गल्ली, बाहेर कनाल आणि आत एका मजल्यावर दुसरा चढविलेल्या भाड्याच्या खोल्या! नियोजित शहराच्या मजुरांना आसरा मिळाला तो या अनियोजित गावांत.

२००६ च्या लहान सदनिका योजनेचा येथे न्याय्य उल्लेख केला पाहिजे. त्या योजनेखाली धनास, मलोया आदी ठिकाणी हजारो कुटुंबांना पक्की घरे मिळाली. एकट्या धनासमध्ये २०१३ साली ८,४४८ घरे तयार झाली. देशातील कित्येक शहरांनी एवढेही केलेले नाही. हे यश झोपडीवासीयांनी दशकानुदशके केलेल्या चिकाटीच्या लढ्याचे आहे. तथापि ही घरे एका खोलीची, मालकीची नव्हे तर परवान्यावर दिलेली आणि शहराच्या कडेला आहेत. २००६ च्या पाहणीत ज्यांची नोंद झाली नाही, त्यांना तीही मिळाली नाहीत. झोपडी दिसेनाशी होणे आणि घराचा प्रश्न सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न्यायालयीन निर्णय आणि दोन फसवे पर्याय

आता २०२३ च्या निर्णयाकडे वळू. तीन माणसांनी मिळून एक घर विकत घ्यायचे, हिस्से वाटून घ्यायचे, जुने घर पाडून तीन मजले चढवायचे आणि प्रत्येक मजला स्वतंत्र सदनिका म्हणून वापरायचा, अशी रीत पहिल्या टप्प्यात रूढ झाली होती. सदनिकांना मुभा देणारे २००१ चे नियम २००७ मध्ये रद्द झाले, तरी बांधकामाचे नकाशे मंजूर होतच राहिले. न्यायालयाने हा मागील दाराचा व्यवहार थांबविला. या भागात दाटी वाढवायची असेल तर वारसा समितीने त्याचा विचार करावा, असेही सांगितले.

काही मंडळी म्हणतात की, हा निर्णय शहराची वाढ रोखणारा व म्हणून गरिबांच्या विरोधी आहे. ही दिशाभूल आहे. उत्तरेकडील सेक्टरांतील एका मजल्याची किंमत कोट्यवधी रुपयांत जाते. तो मजला घेणारा शाहपूर कॉलनीतून येत नव्हता. तीन श्रीमंतांनी एका श्रीमंताची जागा घेतल्याने मजुराला घर मिळत नाही. त्याच्या वाट्याला फक्त वाढलेल्या मोटारी आणि आटलेला पाणीपुरवठा येतो. सुखना तलावाच्या परिसरातील टाटांच्या कॅमलॉट या उत्तुंग इमारतींच्या प्रकल्पाला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नकार दिला, तेव्हाही विकासाच्या नावाने असाच गळा काढण्यात आला होता.

दुसरी मंडळी वारशाच्या नावाने समाधान मानतात. कॅपिटॉल परिसर २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, ही अभिमानाची बाब आहे. परंतु बंगल्याभोवतीची हिरवळ जशीच्या तशी ठेवायची आणि वाढत्या लोकसंख्येचा सारा भार दक्षिणेवर, गावांवर आणि हद्दीबाहेर ढकलायचा, याला वारशाचे रक्षण म्हणता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ११४ चौरस किलोमीटरच्या या केंद्रशासित प्रदेशात १०,५५,४५० लोक राहत होते. मूळ आराखड्याच्या पाच लाखांच्या दुपटीहून ही संख्या अधिक आहे. पंजाबने मोहाली आणि हरियाणाने पंचकुला वसविले. त्यांच्याही पलीकडे झिरकपूर, खरड, नयागाव येथे बिल्डरांनी वाट्टेल तशा वसाहती उठविल्या. परिसर नियंत्रणाचा पट्टा तीन सरकारांच्या ओढाताणीत खाऊन टाकला गेला. चंदीगडच्या आत नियमांचे सोवळे आणि हद्दीपलीकडे बाजाराचे थैमान, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रातील वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहू लागली. वाशी-नेरूळमध्ये सेक्टर हा शब्द आज घरोघरी रुळला आहे. परंतु चंदीगडच्या शेतकऱ्याला जे मिळाले नाही, ते येथील शेतकऱ्यांनी लढून मिळविले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून आले. जमीन घेताना मूळ मालकाला आखणीत वाटा दिला पाहिजे, हे तत्त्व कोणा नगररचनाकाराने दिलेले नाही.

आणखी एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. चंदीगड गृहनिर्माण मंडळाची स्थापना १९७६ मध्ये झाली. त्याच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांनी मुले मोठी झाल्यावर एखादी खोली वाढविली की त्यांना नोटीस येते; या वाढीव बांधकामांचा वाद तेथे वर्षानुवर्षे चालू आहे. नवी मुंबईच्या गावांतील 'गरजेपोटी बांधलेल्या घरां'चा प्रश्न याहून निराळा नाही. कुटुंब वाढते हे ज्या मापाला ठाऊक नाही, ते माप माणसाचे नव्हे.

चंदीगडचा पाच मरल्यांचा भूखंड म्हणजे १,१२५ चौरस फूट. आपल्याकडील एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. माप जवळजवळ एकच, परंतु पहिल्याला रस्ता आहे, नळ आहे, गटार आहे, शाळा आहे. दुसरा पुणे, सांगली किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कडेला शेताच्या बांधावर एखाद्या दलालाने साध्या कागदावर विकलेला असतो आणि त्यावर घर बांधणाऱ्या कामगाराचे अर्धे आयुष्य ते नियमित करून घेण्यात जाते. त्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत पुढे न्यावी लागली. सार्वजनिक आखणीने काय साधते, हे या दोन तुकड्यांच्या तुलनेतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्यानाने होणार नाही. म्हणूनच नियम नकोत असे आपण म्हणत नाही. त्या नियमांत कष्टकऱ्याला जागा हवी.

तशी जागा नियमांतून देता येते. महाराष्ट्राच्या मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीची आखणी करताना २० टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम २०१३ पासून आहे. त्याचे होते काय? ४,००० च्या खाली जमिनीचे तुकडे पाडून हा वाटा चुकविला जातो, अशा तक्रारी नाशिकमध्ये जाहीरपणे झाल्या आहेत. नागरी जमीन कमाल धारणा कायदा तर राज्याने २००७ मध्ये रद्दच करून टाकला. नियम आहे, पण तो राबवून घेणारी शक्ती संघटित नाही, हा आपल्याही कामातील उणिवेचा भाग आहे.

मागण्या आणि कार्य

या अनुभवातून काही मागण्या स्पष्टपणे पुढे येतात. पहिली, निवासी वा व्यापारी भूखंडांच्या प्रत्येक नव्या आखणीत श्रमिकांच्या घरांचा वाटा कायद्याने बंधनकारक असावा आणि तो त्याच आखणीत, बसच्या व बाजाराच्या रस्त्याजवळ असावा. हा वाटा मोजताना जमिनीचे मूळ एकत्रित क्षेत्र धरावे, म्हणजे तुकड्यांची पळवाट बंद होईल. दुसरी, चंदीगडच्या पहिल्या टप्प्यात दाटी वाढवायचीच असेल तर ती उंचीची मर्यादा पाळून प्रथम सरकारी जमिनीवर, सरकारी यंत्रणेमार्फत आणि भाड्याच्या घरांच्या रूपाने वाढवावी. तिसरी, जवळपास पर्यायी घर दिल्यावाचून एकही झोपडी पाडू नये आणि घरांचा परवाना कायम हक्कात बदलावा. चौथी, फेरीवाल्यांच्या जागा बाजाराच्या मूळ नकाशातच आखाव्यात. पाचवी, चंदीगड, मोहाली व पंचकुला यांसाठी लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असलेले एकच प्रादेशिक नियोजन मंडळ असावे.

या मागण्या निवेदनापुरत्या ठेवून चालणार नाहीत. शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचनांसाठी मोजके दिवस मिळतात. बिल्डरांचे वकील त्या दिवसांची वाट पाहत असतात. आपल्या शाखांना पुष्कळदा मुदत संपल्यावर कळते. प्रत्येक शहर समितीने नकाशा वाचता येणारे दोन-तीन कार्यकर्ते तयार करावेत. वस्तीच्या सभेत तो नकाशा भिंतीवर लावावा. रस्ता कोणाच्या घरावरून जातो, बाग कोणाच्या दारात येते आणि आपल्या नावाची रेघ कोठे आहे, हे बांधकाम मजुराला आणि घरकामगार स्त्रीला विचारू द्यावे. ज्या हातांनी चंदीगडचा प्रत्येक सेक्टर उभा केला, त्या हातांना पाच मरल्यांचाही हक्क न देणारी आखणी कितीही देखणी असली तरी अपुरी आहे. ती पुरी करण्याचे काम संघटित श्रमिकांनाच हाती घ्यावे लागेल.